एक टक्क्याचा हिशेब

एखादी पेढी वर्षानुवर्षे भरभराटीस आलेली दिसली, की लोक तिच्या यशाचे श्रेय नशिबाला, मोक्याच्या जागेला किंवा मालकाने कधीकाळी केलेल्या एखाद्या धाडसी सौद्याला देऊन मोकळे होतात. जुन्या वह्यांची पाने उलटली, तर मात्र असे सौदे क्वचितच सापडतात. वेळेवर उघडलेले दुकान, नीट मोजून दिलेला माल, मुदतीत झालेली वसुली, गिऱ्हाइकाशी बोलण्याची रीत अशा लहानसहान नोंदींचीच ती बेरीज असते. हाच हिशेब खेळाच्या मैदानावर मांडून दाखविणारे गृहस्थ म्हणजे इंग्लंडच्या रग्बी संघाचे माजी प्रशिक्षक सर क्लाइव्ह वुडवर्ड. ते प्रथम खेळाडू होते, मग विक्री विभागात नोकरी करू लागले, पुढे स्वतःचा व्यवसाय उभारला आणि त्यानंतर राष्ट्रीय संघाची सूत्रे हाती घेतली. त्यांच्या खात्यावर जमेची बाजू मोठी आहे आणि खर्चाची बाजूही लहान नाही. दोन्ही बाजू पाहिल्या तरच त्यांच्या कारकिर्दीचा खरा ताळेबंद लागतो.

रग्बी हा खेळ आपल्याकडे फारसा परिचित नाही. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. चेंडू लंबगोल असतो. तो हातात घेऊन पुढे धावता येते, मात्र सहकाऱ्याकडे फेकताना तो मागच्याच दिशेने फेकावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकविला की पाच गुण मिळतात, त्यानंतरच्या यशस्वी लाथेचे दोन. दंडाची लाथ किंवा चालू खेळात चेंडू जमिनीवर टाकून, तो उसळताच दोन खांबांमधून मारलेली लाथ, म्हणजे ‘ड्रॉप गोल’, यांचे प्रत्येकी तीन गुण असतात. सामना ऐंशी मिनिटांचा. अंगावर अंग आदळणारा हा खेळ वरवर पाहता दांडगाईचा वाटतो, पण त्यात जागेचा आणि वेळेचा अत्यंत सूक्ष्म विचार असतो.

नावडत्या खेळाशी गाठ

वुडवर्ड यांचा जन्म ६ जानेवारी १९५६ रोजी इंग्लंडमधील ईली येथे झाला. वडील शाही वायुदलात वैमानिक होते. मुलाला वेड होते फुटबॉलचे. वडिलांना ते पसंत नव्हते. त्यांनी मुलाला वेल्समधील अँगलसी बेटावरील ‘एचएमएस कॉन्वे’ या नाविक शिस्तीच्या निवासी शाळेत धाडले. तिथे फुटबॉल नव्हता, फक्त रग्बी होती. मुलाने शाळेतून पळ काढून पाहिला, पण परत यावेच लागले. अखेर जो खेळ समोर होता तोच त्याने आपलासा केला. पुढे लफबरो येथे शिक्षण घेत असताना जिम ग्रीनवूड हे विचारी प्रशिक्षक त्यांना लाभले. संघातील प्रत्येक खेळाडूला खेळाचे प्रत्येक अंग यावयास हवे आणि कोणत्याही जागेवरून चढाई करता आली पाहिजे, ही ग्रीनवूड यांची शिकवण. रूढ चौकटीबाहेर विचार करण्याची सवय वुडवर्ड यांना तिथे लागली.

पुढे लेस्टर या नामवंत क्लबकडून खेळताना १९८० च्या जानेवारीत त्यांनी इंग्लंडसाठी पहिला सामना खेळला. त्या वर्षी बिल बोमाँट यांच्या नेतृत्वाखालील संघाने पाच राष्ट्रांच्या स्पर्धेतील सर्व सामने जिंकले. असा ‘ग्रँड स्लॅम’ इंग्लंडला १९५७ नंतर प्रथमच मिळाला होता. १९८४ पर्यंत वुडवर्ड एकवीस आंतरराष्ट्रीय सामने खेळले. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांच्या निवडक खेळाडूंचा ‘ब्रिटिश लायन्स’ संघ दक्षिण आफ्रिकेला आणि पुढे न्यूझीलंडला गेला, त्या दोन्ही दौऱ्यांत ते होते. चपळ, कल्पक, पण बेभरवशाचा खेळाडू अशी त्यांची ख्याती होती. १९८१ मध्ये कार्डिफ येथे वेल्सविरुद्ध सामना हातात आला असता ते क्षणभर आधी पुढे सरसावले, पंचांनी दंड दिला, आणि स्टीव्ह फेनविकच्या लाथेने वेल्सने सामना एकवीस विरुद्ध एकोणीस असा जिंकला. दडपणाच्या क्षणी डोके शांत ठेवणे म्हणजे काय, याचा पहिला धडा त्यांना असा स्वतःच्या चुकीतून मिळाला होता.

विक्रेत्याची शाळा

त्या काळी रग्बी हौशी खेळ होता. देशासाठी खेळणाऱ्यालाही मानधन मिळत नसे आणि पोटासाठी प्रत्येकाला नोकरी करावी लागे. वुडवर्ड रँक झेरॉक्स कंपनीत विक्री प्रतिनिधी होते. छायाप्रती काढणारी यंत्रे विकणे, दारोदार जाणे, नकार ऐकणे, पुन्हा जाणे, महिन्याचे उद्दिष्ट गाठणे ही त्यांची दिनचर्या होती. १९८५ मध्ये त्याच कामासाठी ते ऑस्ट्रेलियात सिडनीला गेले आणि पाच वर्षे राहिले. तिथे मॅनली क्लबकडून खेळताना त्यांनी पाहिले, की ऑस्ट्रेलियन माणूस हरण्याची सबब आधीच तयार ठेवत नाही. जिंकणे हीच तिथली स्वाभाविक अपेक्षा असते. इंग्लंडमध्ये मात्र सन्मानाने हरण्यालाही एक प्रतिष्ठा होती.

१९९० मध्ये परत आल्यावर त्यांनी कार्यालयीन यंत्रसामग्री भाडेतत्त्वावर घेणाऱ्यांना अर्थसाहाय्य देणारी स्वतःची छोटी कंपनी काढली. ज्यांनी असा व्यवसाय केला आहे त्यांना ठाऊक असते, की यात भांडवल दुसऱ्याचे, यंत्र तिसऱ्याचे आणि विश्वास तेवढा आपला असतो. हप्ता चुकला की रात्रीची झोप उडते. दिवसा कंपनी आणि सायंकाळी मैदान अशी कसरत करीत ते हेन्ली, लंडन आयरिश व पुढे बाथ या क्लबांचे प्रशिक्षण पाहू लागले. ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बी अधिकृतपणे व्यावसायिक झाली. खेळाडूंना वेतन मिळू लागले, परंतु खेळ चालविणाऱ्या संस्थांची मनोवृत्ती हौशी काळातलीच राहिली. नेमक्या याच सांध्यावर, सप्टेंबर १९९७ मध्ये, वुडवर्ड इंग्लंडचे पहिले पूर्णवेळ प्रशिक्षक झाले.

टेबल नसलेला प्रशिक्षक

कामाच्या पहिल्या दिवशी ते लंडनजवळच्या ट्विकेनहॅम येथील मुख्यालयात पोहोचले, तेव्हा त्यांच्यासाठी ना खोली होती, ना टेबल, ना दूरध्वनी. प्रशिक्षकाने कार्यालयात बसून करावयाचे तरी काय, असा प्रश्न तिथल्या मंडळींना पडला होता. वुडवर्ड यांनी वाद घातला नाही. ते सरळ स्वागतकक्षात बसून आपले काम करू लागले. येणारेजाणारे त्यांना तिथे पाहू लागताच खोलीची व्यवस्था झाली. ही गोष्ट वुडवर्ड यांनी पुढे अनेकदा सांगितली आहे. तिच्यात हट्ट आहे तसा व्यवहारही आहे. मागणी तोंडाने न करता तिची गरज समोरच्याच्या डोळ्यांना दिसेल अशी मांडणे, हे विक्रेत्याचे कसब.

पण खोली मिळाल्याने सामने जिंकता येत नाहीत. पहिल्या चार सामन्यांत एकही विजय नव्हता, दोन बरोबरी आणि दोन पराभव. १९९८ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिकेचा दौरा आला. अनेक प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे किंवा विश्रांतीसाठी मागे राहिले. ६ जून रोजी ब्रिस्बेन येथे ऑस्ट्रेलियाने इंग्लंडला शहात्तर विरुद्ध शून्य असे हरविले. पुढे न्यूझीलंडमध्ये दोन आणि दक्षिण आफ्रिकेत एक असे आणखी तीन पराभव पदरी पडले. इंग्लिश वृत्तपत्रांनी त्या दौऱ्याला नरकाचा दौरा असे नाव दिले.

त्या दौऱ्यातला एक प्रसंग मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. केपटाउनमध्ये संघासाठी ठरविलेले हॉटेल वुडवर्ड यांना राष्ट्रीय संघाला साजेसे वाटले नाही. मंजुरीसाठी लंडनला पत्रव्यवहार करीत न बसता त्यांनी सगळा संघ शहरातील उत्तम अशा माउंट नेल्सन हॉटेलात हलविला आणि बिल स्वतःच्या क्रेडिट कार्डावर घातले. हिशेबाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे खटकेल, आणि खटकावेही. मंजुरीविना खर्च ही चांगली प्रथा नव्हे. परंतु पराभूत, थकलेल्या तरुणांना त्या दिवशी एक गोष्ट कळली. आपला प्रमुख आपल्यासाठी स्वतःच्या खिशाची जोखीम घेतो. ब्रिस्बेनच्या मैदानावर त्या दिवशी जेमतेम एकोणीस वर्षांचा एक मुलगा खेळला होता. त्याचे नाव जॉनी विल्किन्सन.

दंतवैद्याचा धडा

वुडवर्ड यांनी आपल्या कामासाठी कल्पना कुठून घेतल्या हे पाहणे उद्बोधक आहे. ज्या ब्रिस्बेनमध्ये त्यांचा संघ धुळीस मिळाला, त्याच शहरात पॅडी लुंड नावाचे एक दंतवैद्य होते. कामाच्या ताणाने खचलेल्या लुंड यांनी आपला दवाखाना नव्याने मांडला. आपल्याला आवडतील तेवढेच रुग्ण ठेवले, नवे रुग्ण केवळ ओळखीतून घेतले, आणि आलेल्या माणसाला दवाखान्यात आल्यासारखे वाटू नये म्हणून उत्तम चहा आणि ताजे भाजलेले पाव देऊ लागले. त्यांचे म्हणणे असे, की दात नीट बसविला की नाही हे रुग्णाला कळत नाही. त्याला कळतो तो चहाचा कप, स्वच्छ खोली आणि बोलण्यातला आदर. मूळ कामाशी थेट संबंध नसलेल्या, तरीही निर्णायक ठरणाऱ्या या गोष्टींवरून तो त्या कामाची पारख करतो.

वुडवर्ड यांनी हे तत्त्व जसेच्या तसे उचलले. ट्विकेनहॅमवरील संघाची कपडे बदलण्याची खोली रंगरूप बदलून सजविली गेली आणि प्रत्येक खेळाडूच्या जागेवर त्याच्या नावाची पाटी लागली. मध्यंतरात प्रत्येकाने नवा, कोरडा पोशाख घालावयाचा, म्हणजे उत्तरार्ध हा जणू नवाच सामना आहे, असे मनाला सांगता येते. पुढे अंगासरशी बसणारे सदरे आले, कारण सैल सदरा म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरावयास आयती मूठ. खेळाडूंना लॅपटॉप देण्यात आले, सामन्यांच्या चित्रफितींचे पृथक्करण होऊ लागले. बचावासाठी फिल लार्डर, लाथेसाठी डेव्ह ऑल्रेड, शारीरिक तयारीसाठी डेव्ह रेडिन असे स्वतंत्र तज्ज्ञ नेमले गेले. नजरेच्या सरावासाठी दक्षिण आफ्रिकेच्या शेरिल कॅल्डर आल्या. संघाबरोबर स्वयंपाकी आला, आणि विश्वचषकाला जाताना वकीलसुद्धा.

एक गोष्ट शंभर टक्क्यांनी सुधारण्यापेक्षा शंभर गोष्टी एकेक टक्क्याने सुधाराव्यात, असे हे सूत्र होते. ऐकावयास सोपे, आचरणात कठीण. कारण एक टक्का डोळ्यांना दिसत नाही. वकिलाचा खर्च वर्षभर निरुपयोगी वाटतो. २००३ च्या विश्वचषकात सामोआविरुद्धच्या सामन्यात बदली खेळाडूच्या गोंधळात इंग्लंडचे सोळा खेळाडू अर्धा मिनिटभर मैदानावर राहिले. प्रकरण चौकशीपर्यंत गेले, गुण कापले जाण्याची भीती होती. दहा हजार पौंडांच्या दंडावर ते निभावले. त्या दिवशी वकिलाचा एक टक्का वसूल झाला.

शिस्तीचेही तसेच. नियम वुडवर्ड यांनी वरून लादले नाहीत. कर्णधार आणि खेळाडूंनी एकत्र बसून ते ठरवावयाचे आणि मग सर्वांनी पाळावयाचे, अशी पद्धत होती. बैठकीला दिलेल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी हजर राहणे हा त्यातला एक नियम. जो नियम माणूस स्वतः लिहितो तो मोडताना त्याला स्वतःचीच लाज वाटते, हे त्यामागचे मर्म.

१९९९ मध्ये संघाला शाही नौदलाच्या मरीन सैनिकांकडे प्रशिक्षणासाठी नेण्यात आले. शेवटी सैनिकी अधिकाऱ्यांनी जो अभिप्राय दिला तो अनपेक्षित होता. खेळाडूंपैकी काही जण असे आहेत, की त्यांना बरोबर घेऊन आम्ही युद्धावर जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या अंगात बळ कमी होते म्हणून नव्हे, तर अडचणीच्या वेळी त्यांच्या कुरबुरीने सोबत्यांचा उत्साह ओसरत होता म्हणून. त्यानंतर निवड करताना वुडवर्ड कौशल्याइतकेच स्वभावालाही वजन देऊ लागले. पेढीवर माणूस ठेवताना जाणते मालक आधी याच गोष्टीची चौकशी करीत असत.

विश्वचषकाची कसोटी

माझे मूल्यमापन विश्वचषकावरून करा, असे वुडवर्ड यांनी जाहीरपणे सांगून ठेवले होते. १९९९ चा विश्वचषक आला. गटात न्यूझीलंडकडून हार झाल्याने इंग्लंडला फिजीशी एक जादा सामना खेळावा लागला आणि त्यानंतर अवघ्या चार दिवसांनी पॅरिसमध्ये दक्षिण आफ्रिकेला तोंड द्यावे लागले. त्या दिवशी यानी द बीअर या खेळाडूने उत्तरार्धात एकापाठोपाठ एक असे पाच ड्रॉप गोल मारले. इंग्लंड चव्वेचाळीस विरुद्ध एकवीस असे हरले. दिलेल्या शब्दाप्रमाणे मूल्यमापन झाले असते, तर कारकीर्द तिथेच संपली असती.

इंग्लंडच्या रग्बी मंडळाने त्यांना काढले नाही. येथे निर्णय घेणाऱ्यांचे शहाणपण नोंदविले पाहिजे. कर्ज देणारा जाणकार अधिकारी केवळ एका वर्षाचा तोटा पाहत नाही. तो पाहतो तोटा कशामुळे झाला, धंद्याची मांडणी सुधारते आहे की बिघडते आहे, आणि माणूस तोट्याचा हिशेब प्रामाणिकपणे देतो की सबबी सांगतो. डिसेंबर १९९८ मध्ये याच संघाने सलग सतरा सामने जिंकलेल्या दक्षिण आफ्रिकेला ट्विकेनहॅमवर रोखले होते. तरुण खेळाडू तयार होत होते. तोटा झाला होता, पण बीजभांडवल शाबूत होते.

तरी पुढची वाटही काट्यांचीच होती. १९९९ मध्ये वेम्बली येथे वेल्सने, २००० मध्ये एडिंबरोत स्कॉटलंडने आणि २००१ मध्ये डब्लिनला आयर्लंडने, अशा तिन्ही वर्षी इंग्लंडने अखेरचा सामना गमावून हातातोंडाशी आलेला ग्रँड स्लॅम घालविला. यातील स्कॉटलंडविरुद्धच्या पराभवाबरोबर ‘कलकत्ता कप’ही गेला. या चषकाचा आपल्या देशाशी आणि बँक व्यवहाराशी संबंध आहे. कोलकात्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये सभासदांअभावी बंद करावा लागला. तेव्हा त्यांनी बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली, ते रुपये वितळवून भारतीय कारागिरांकडून चषक घडविला आणि तो इंग्लंडच्या रग्बी मंडळाला भेट दिला. नागाच्या आकाराच्या तीन मुठी आणि झाकणावर हत्ती असलेला हा चषक इंग्लंड–स्कॉटलंड सामन्याच्या विजेत्याला आजही दिला जातो. खाते बंद करतानाही शिल्लक कशी चिरस्थायी करावी, याचे हे सुरेख उदाहरण.

नोव्हेंबर २००० मध्ये निराळेच संकट उभे राहिले. मानधनाच्या वादातून खेळाडूंनी संप पुकारला. वुडवर्ड यांनी कठोर भूमिका घेतली. जो कामावर येणार नाही त्याला वगळून दुसरा संघ उतरविण्याची तयारी त्यांनी दाखविली. संप लवकरच मिटला. पुढे महत्त्वाची गोष्ट घडली ती अशी, की संपाचे नेतृत्व करणारा कर्णधार मार्टिन जॉन्सन कर्णधारच राहिला. मनात अढी धरून वुडवर्ड यांनी त्याला दूर केले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. भांडण मिटले की ते वहीतून खोडून टाकावे लागते. तसे न केल्यास व्याज वाढत जाते, हा अनुभव अनेक भागीदारी पेढ्यांनी घेतला आहे.

सिडनीची रात्र

२००२ च्या अखेरीस ट्विकेनहॅमवर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका हे तिन्ही बलाढ्य संघ लागोपाठच्या आठवड्यांत हरले. ३० मार्च २००३ रोजी डब्लिनमध्ये आयर्लंडवर बेचाळीस विरुद्ध सहा अशी मात करून ग्रँड स्लॅम अखेर पदरात पडला. जूनमध्ये वेलिंग्टन येथे दोन खेळाडू शिक्षेमुळे बाहेर गेले असता तेरा जणांनी स्वतःच्या रेषेवर न्यूझीलंडची रेटारेटी थोपविली आणि सामना पंधरा विरुद्ध तेरा असा जिंकला. पुढच्याच आठवड्यात मेलबर्नला इंग्लंडने ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर त्यांच्याविरुद्धचा आपला पहिलावहिला विजय नोंदविला.

विश्वचषक ऑस्ट्रेलियातच होता. उपांत्यपूर्व फेरीत वेल्सने मध्यंतरापर्यंत इंग्लंडला दहा विरुद्ध तीन असे मागे टाकले. वुडवर्ड यांनी उत्तरार्धात अनुभवी माइक कॅट याला मैदानात आणले, विल्किन्सनवरचा भार हलका झाला आणि सामना फिरला. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध पावसात विल्किन्सनने एकट्याने चोवीस गुण मिळविले.

२२ नोव्हेंबर २००३. अंतिम सामना सिडनीत, यजमान ऑस्ट्रेलियाशी. ज्या शहरात वुडवर्ड यंत्रे विकत आणि क्लबसाठी खेळत राहिले होते, तिथेच. मध्यंतराला इंग्लंडकडे चौदा विरुद्ध पाच अशी आघाडी होती. पण पंचांचे निर्णय, विशेषतः पुढच्या फळीच्या रेटारेटीतील, वारंवार विरोधात जाऊ लागले. एल्टन फ्लॅटलीने अगदी शेवटच्या मिनिटाला दंडाची लाथ मारून चौदा–चौदा अशी बरोबरी साधली. जादा वेळेत वुडवर्ड यांनी सर्वांत ज्येष्ठ खेळाडू जेसन लेनर्ड याला पाचारण केले. त्याला सांगण्याजोगे फारसे काही नव्हतेच. पंचांना दंड देण्याची संधी मिळणार नाही इतके साधे खेळावयाचे, हे तो जाणून होता. रेटारेटीतील दंड थांबले. इंग्लंडने आघाडी घेतली, आणि संपावयास दोन-तीन मिनिटे असता फ्लॅटलीने पुन्हा बरोबरी केली. सतरा–सतरा.

ऐन अशा क्षणी काय करावयाचे, हे इंग्लंडच्या खेळाडूंनी सरावात वर्षानुवर्षे घोटले होते. दडपणाखाली योग्य विचार करणे, हा वुडवर्ड यांच्या शिकवणीचा गाभा होता. मैदानाबाहेर फळ्यासमोर खेळाडूंना उभे करून ते विचारीत, इतकी मिनिटे उरली आहेत, इतक्या गुणांचा फरक आहे, चेंडू या जागी आहे, आता काय कराल? त्या रात्री उत्तर सर्वांना पाठ होते. रेषेबाहेरून चेंडू आत फेकला गेला, तो लुइस मूडीने झेलला. कॅट पुढे धावला. मॅट डॉसनने फट शोधून काही यार्ड मिळविले, पण तो गर्दीखाली अडकला. अशा वेळी घाई करून चेंडू विल्किन्सनकडे फेकला जाणे सहज शक्य होते. कर्णधार जॉन्सनने तसे केले नाही. तो स्वतः चेंडू घेऊन आणखी एकदा गर्दीत घुसला, केवळ डॉसनला उठून आपल्या जागी येण्यास वेळ मिळावा म्हणून. डॉसनचा अचूक चेंडू आला, आणि डावखुऱ्या लाथेच्या विल्किन्सनने उजव्या पायाने तो खांबांमधून पार केला. त्याच सामन्यातले त्याचे आधीचे असे प्रयत्न चुकले होते. वीस विरुद्ध सतरा. सव्वीस सेकंद उरली होती.

रग्बीचा विश्वचषक उत्तर गोलार्धात प्रथमच आला. डिसेंबरात लंडनच्या रस्त्यांवर साडेसात लाखांच्या आसपास लोक विजयी संघाला पाहावयास लोटले. नव्या वर्षाच्या सन्मानांत वुडवर्ड ‘सर’ झाले.

खर्चाची बाजू

गौरवगाथा बहुधा येथे संपविली जाते. परंतु खरी शिकवण याच्या पुढच्या पानांवर आहे.

विजयानंतर दोन महिन्यांत जॉन्सनने आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती घेतली. आणखीही अनुभवी खेळाडू गेले. २००४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडने न्यूझीलंडकडून दोन आणि ऑस्ट्रेलियाकडून एक असे तिन्ही सामने मोठ्या फरकाने गमावले. खेळाडू क्लबांच्या वेतनावर होते आणि राष्ट्रीय संघाला त्यांचा हवा तेवढा सहवास मिळत नव्हता. वुडवर्ड यांनी अधिक दिवस मागितले, ते मिळाले नाहीत, आणि सप्टेंबर २००४ मध्ये ते पदावरून दूर झाले. एका पिढीच्या कर्तृत्वावर उभा राहिलेला व्यवहार दुसऱ्या पिढीकडे सुपूर्द करण्याची व्यवस्था वेळीच झाली नव्हती. शिखरावर असताना वारसदार घडविण्याचे काम सर्वांत निकडीचे असते आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत कमी निकडीचे वाटते.

२००५ मध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्स संघाचे प्रशिक्षक म्हणून ते न्यूझीलंडला गेले. या वेळी साधनांची वाण नव्हती. चाळीसहून अधिक खेळाडू, प्रशिक्षकांचा प्रचंड ताफा, स्वतंत्र प्रसिद्धी सल्लागार. तरीही तिन्ही कसोटी सामने हरले, एकवीस–तीन, अठ्ठेचाळीस–अठरा आणि अडतीस–एकोणीस असे. कर्णधार ब्रायन ओड्रिस्कॉल पहिल्याच सामन्याच्या आरंभी जायबंदी झाला, हे दुर्दैव खरे. परंतु सगळा दोष दैवावर टाकता येणार नाही. इंग्लंडच्या संघात एकेक टक्का सहा वर्षे साचत गेला होता. माणसे एकमेकांना ओळखत होती, नियम त्यांनी स्वतः केले होते, पराभव एकत्र पचविले होते. लायन्सच्या चार देशांतल्या खेळाडूंना एकत्र येऊन काही आठवडेच झाले होते. साधने विकत घेता आली, सहवास विकत घेता आला नाही. एका गावात नाव कमावलेल्या दुकानाच्या चार शहरांत एकदम शाखा उघडल्या, पाट्या तशाच लावल्या, सजावट तशीच केली, तरी गल्ल्यावर तोच विश्वास बसविता येत नाही. त्याला जो काळ लागतो तो लागतोच.

पुढे वुडवर्ड आपल्या बालपणीच्या ओढीप्रमाणे साउदम्प्टन या फुटबॉल क्लबात गेले. तो प्रयोग वर्षभरात आटोपला. त्यानंतर २००६ ते २०१२ या काळात त्यांनी ब्रिटिश ऑलिंपिक संघटनेत खेळविषयक जबाबदारी सांभाळली. लंडन ऑलिंपिकमध्ये यजमान ब्रिटनने एकोणतीस सुवर्णपदके मिळविली. त्या यशात असंख्य हात होते. तिथे पुढे राहण्यापेक्षा पाठीशी उभे राहून इतरांच्या प्रशिक्षकांना साहाय्य करणे, अशी त्यांची भूमिका होती.

इंग्लंडचे प्रशिक्षक म्हणून त्र्याऐंशी सामने, त्यांत एकोणसाठ विजय, दोन बरोबरी आणि बावीस पराभव, असा हा हिशेब आहे. आकडे विजयांकडे झुकलेले आहेत, परंतु त्या बावीस पराभवांवाचून एकोणसाठ विजयांचा अर्थ लागत नाही. ब्रिस्बेनच्या शून्यानंतरही ज्यांनी वही बंद केली नाही, त्या सर्वांचा त्यात वाटा आहे. हट्टाने कामाला बसणारा प्रशिक्षक, त्याला एका पराभवावरून न तोलणारे मंडळ, संपात समोर उभा राहूनही नंतर खांद्याला खांदा लावणारा कर्णधार, आणि शहात्तर गुणांचा तो सामना विसरून सरावाच्या मैदानावर रोज उजव्या पायाने चेंडू मारीत राहिलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा.